फोल्डर वेगळे केले, पण मॉड्यूल झालेच नाहीत

पहिल्या नोकरीत ऑर्डरची सिस्टीम माझ्याकडे आली. कंट्रोलर, सर्व्हिस, रिपॉझिटरी, हेल्पर असे ४ फोल्डर केले आणि डिझाइन जमलं असं मानलं. काही महिन्यांनी 'अर्धवट रद्द' ही नवी स्थिती आली. डेटाबेसमध्ये २ म्हणजे रद्द, म्हणून नवीला ३ दिला. 'स्टेटस == २' कोडभर शोधलं, १४ ठिकाणी सापडलं, सगळं दुरुस्त केलं. ईमेलच्या टेम्प्लेटमध्ये मात्र 'स्टेटस >= २', म्हणजे २ किंवा त्याहून जास्त, असं होतं. ज्यांची अर्धी ऑर्डर निघाली होती, त्यांना पूर्ण रद्द झाल्याची मेल गेली. ती रात्र अजून आठवते.

चूक शोधण्यात नव्हती. माझे फोल्डर कामाच्या पायऱ्यांप्रमाणे पाडलेले होते आणि तो आकडा प्रत्येक पायरीला ठाऊक होता. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालच्या पेपरमध्ये हेच दाखवलंय. ओळींतले शब्द फिरवून वर्णानुक्रमे सूची करणारा छोटा प्रोग्रॅम त्यांनी दोन प्रकारे तोडला. वाचा, फिरवा, क्रम लावा, छापा अशा पायऱ्यांनी तोडला, तर ओळी साठवायची पद्धत बदलताच सगळी मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचे वेगळे तुकडे, बदलावी लागतात. तोच निर्णय एका मॉड्यूलच्या पोटात ठेवला, तर तेवढंच बदलतं. म्हणून प्रत्येक मॉड्यूलला विचारा: तू कुठलं गुपित सांभाळतोस? उत्तर नसेल तर तो नुसता फोल्डर आहे. मी शेवटी 'ही ऑर्डर रद्द आहे का' एवढं सांगणारं एक फंक्शन ठेवलं आणि आकडा बाहेर दिसणं बंद केलं.

यावर उपाय म्हणून मायक्रोसर्व्हिसेसकडे, म्हणजे नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणाऱ्या छोट्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे, धावू नका. चुकीची सीमा नेटवर्कवर गेली की गुंता तोच राहतो, वर टाइमआउट, म्हणजे वेळेत उत्तर न येणं, हेही येतं. तयार रचना कॉपी करायला देणाऱ्या सीनियरपेक्षा 'हे बदललं तर कुठे कुठे हात लावशील?' असं विचारणारा सीनियर धरून ठेवा.

आणि घाबरू नका. सीमा पहिल्या फटक्यात कुणाच्याच बरोबर पडत नाहीत. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा इतिहास उघडा आणि कुठल्या फाइली दर वेळी जोडीने बदलतात ते बघा. माझ्याकडे इनव्हॉइस आणि रिपोर्ट अशी जोडी निघाली. कर मोजायचा नियम दोन्हीकडे वेगवेगळा लिहिलेला होता.