हिवाळ्यात दोन दिवस मुंबई-पुण्याबाहेर पडताय? या चुका टाळा

नोव्हेंबर संपत आला की ग्रुपवर "चला कुठेतरी थंडीत जाऊ" सुरू होतं, आणि कुठेतरी म्हणजे कुठे तर महाबळेश्वर, लोणावळा, माथेरान नाहीतर अलिबाग, झालं. जागा चांगल्याच आहेत, प्रश्न जागेचा नाहीच. लोक एकतर नाव ऐकून जातात, नाहीतर ऑगस्टमध्ये सेव्ह केलेले फोटो बघून डिसेंबरचं बुकिंग करतात, आणि तिथे पोचल्यावर म्हणतात की यात काय एवढं. हिवाळ्यात उलट करायचं. त्या आठवड्यात तिथे काय चालू असतं ते आधी बघा, उजेडात पोचता येतंय का ते बघा, हॉटेलचा नंबर त्यानंतर.

उंचावर गेलो की थंडी मिळणारच

सगळ्यात कॉमन गैरसमज हा. महाबळेश्वर साधारण 1,350 मीटरवर, तेव्हा तिथे पुण्यापेक्षा जास्त गारठा असणारच असं धरून सगळे स्वेटर भरून निघतात. आणि दर हिवाळ्यात पेपरात एक बातमी हमखास येते बघा, "पुणे महाबळेश्वरपेक्षा थंड". खोटी नसते ती. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन भराभर गार होते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून घसरत सखल भागात जाऊन साचते, त्यामुळे डोंगरमाथ्यावर 13-14 अंश असताना खाली पुण्यात शिवाजीनगर, पाषाणला 9-10 असं अगदी होऊ शकतं. नाशिककडचं निफाड तर सपाट पट्ट्यातलं, आणि कडाक्याची थंडी पडली की नीचांकासाठी पहिलं नाव त्याचंच ऐकू येतं, पारा कधीकधी 5-6 पर्यंत उतरतो. महाबळेश्वरात दव गोठल्याचे जे फोटो फिरतात तेपण वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या भागातले असतात, पॉइंटवरचे नाही, आणि असं मोजक्याच पहाटे होतं, ऊन चढलं की खेळ खलास. म्हणजे नऊला नाश्ता करून लेकवर गेलात तर फक्त घोडे आणि मक्याची कणसं.

मग हिल स्टेशनला जायचंच कशाला? तर दुपारसाठी! पुण्यात दुपारी 29-30 अंश असताना वर 24-25 असतं, दिवसभर पायी फिरलात तरी घाम येत नाही. खरी थंडीच हवी असेल तर जानेवारी धरा आणि दोन-तीन दिवस आधी अंदाज बघा, त्यातलं किमान तापमान आणि ढग दोन्ही बघा, कारण ढगाळ रात्री जमिनीची उष्णता बाहेर जात नाही आणि पारा सरळ चार-पाच अंश वर राहतो. मुंबईकरांचं गणित तर अजून सोपं आहे. समुद्रामुळे मुंबई रात्री फारशी गार होतच नाही, त्यामुळे त्यांना कर्जत-नेरळच्या पट्ट्यातसुद्धा पहाटे शाल लागते, त्यासाठी सहा तास घाटात कशाला काढायचे.

पावसाळ्यातली जागा हिवाळ्यात गाठणं

कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, डिसेंबरात तिथे वाळलेलं गवत. काजवे मे-जूनमधले. भुशी डॅमच्या पायऱ्यांवरून पाणी धरण भरून वाहतं तेव्हाच येतं, भंडारदऱ्याचा अंब्रेला फॉलही धरणातून पाणी सुटलं तरच. हे सगळं माहीत असूनपण लोक जातात, मला कळत नाही का. भंडारदरा हिवाळ्यात मस्तच आहे, पण ते सांदण दरीसाठी, जी पावसाळ्यात जीवघेणी असते आणि आता उतरता येते, रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरासाठी, किंवा 1,646 मीटरच्या कळसूबाईसाठी. कळसूबाईला शनिवारची रात्र टाळा, शिड्यांवर लाईन लागते.

उलट जे फक्त हिवाळ्यातच मिळतं त्याची तारीखही नीट बघावी लागते. स्ट्रॉबेरी डिसेंबरात सुरू होते पण खरा बहर जानेवारी ते मार्च. नाशिकच्या वायनरीत द्राक्षांनी लगडलेले मळे बघायचे असतील तर जानेवारीअखेर ते मार्च, नाताळात गेलात तर हिरवे आंबट घड बघून यावं लागेल. भिगवणला उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो येतात पण त्यांना उथळ पाणी लागतं, पाऊस दणकून होऊन धरण काठोकाठ भरलेलं असलं की ते उशिरा येतात, तेव्हा अशा वर्षी डिसेंबरात धावू नका, कुंभारगावच्या बोटवाल्यांना फोन करून "पक्षी उतरलेत का" विचारा आणि मग ठरवा. मुंबईकरांना ठाणे खाडीत ऐरोलीहून बोट मिळते, पण तिची वेळ भरतीवर ठरते, तुमच्या सोयीवर नाही. निफाडजवळ नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, जानेवारी 2020 मध्ये जाहीर झालेली, आणि तिथली जानेवारीची पहाट म्हणजे थंडी आणि पक्षी एका तिकिटात, तरी लोक लोणावळ्यालाच जातात.

आणि हुरडा! माझ्या मते पुण्यातून निघणाऱ्यांसाठी हिवाळ्याचं हे सगळ्यात भारी कारण आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त फसवाफसवी पण. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, निखारा झाला की त्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसतात, भाजली की चटके सोसत हातावर चोळून, फुंकर मारून कोंडा उडवतात आणि हिरवे मऊ दाणे वाफाळते तुमच्या ताटात, सोबत लसणाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. दाणा गार झाला की मजा गेली, म्हणून आगटीच्या शेजारीच बसायला मिळतंय का ते बघा. ताटात आणून देणार असतील आणि चुलीपासून शंभर पावलांवर मांडव असेल तर काही अर्थ नाही. रब्बी ज्वारी हुरड्यात येते ती साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारी, टप्प्याटप्प्याने पेरली असेल तर फेब्रुवारीतही मिळते, नाहीतर दाणा टणक. म्हणून बुकिंगआधी एकच प्रश्न विचारा: कणसं तुमच्याच शेतातली का बाहेरून आणलेली? उत्तर द्यायला वेळ लागला की समजून जा.

रायगडकडे जाणार असाल तर पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी-बटाटे नाहीतर चिकन, पाण्याचा थेंब नाही, बाहेरून जाळ. आदल्या दिवशी सांगितलंत तरच मिळेल, शेंगा आणि पाला दोन्ही गोळा करावे लागतात.

तिथी न बघता किनाऱ्यावर जाणं

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाता येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ओहोटी कधी हे कोणी बघत नाही. जेवून दुपारी बाराला रमतगमत किनाऱ्यावर येतात आणि समोर पाणीच पाणी. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरा, म्हणजे सव्वाअकरा, प्रत्यक्षात थोडं पुढेच, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला भर दुपारी भरती आणि ओहोटी संध्याकाळी अंधार पडायच्या वेळेला, दोन्ही तुमच्या कामाचं नाही. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येते खरी, पण ती भांगाची, पाणी फार आत जात नाही. सगळ्यात चांगले दिवस म्हणजे पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी, ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान, पाणी चांगलं आत गेलेलं, ऊनही नाही. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी परत फिरायच्या आत किनाऱ्याला लागा. निघायच्या आधी भरतीचा तक्ता बघून वेळ पक्की करा, पाऊणपट फक्त दिवस निवडायला. परतताना पाणी गुडघ्याच्या वर लागलं तर हिरोगिरी नको, मागे फिरा, किल्ल्यात थांबा, होडी मिळते का बघा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तर ओहोटी सोडून करूच नका, त्या खडकांवर लाटेने ओढून नेल्याचे प्रकार झालेत.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणं

डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आसपास सूर्य मावळतो, जानेवारीत उगवायला सात-सव्वासात होतात. म्हणजे उन्हाळ्यातल्यासारखं "दुपारी जेवून निघू, उजेडात पोचू" हे चालत नाही, खंबाटकीत तासभर अडकलात की पसरणी घाट अंधारात चढायचा. दोन दिवसांच्या ट्रिपला एका बाजूचा प्रवास चार तासांच्या वर नको असं माझं मत, तारकर्ली म्हणूनच दोन दिवसांची नाहीच, तिला चार तरी द्या.

पहाटे निघणाऱ्यांना एक धोका कोणी सांगत नाही, ऊस. गाळप हंगाम ऐन हिवाळ्यात, त्यामुळे सोलापूर रोड, बारामती, इंदापूर, सातारा, नगर, सगळीकडे पहाटे उसाच्या ट्रॉल्या असतात, एकाला दोन जोडलेल्या, मागे बऱ्याचदा ना लाईट ना रिफ्लेक्टर, त्यात धुकं. भिगवणला सूर्योदयाला पोचायचं म्हणून साडेचारला 100 च्या स्पीडने निघू नका, आदल्या रात्री तिथेच राहा. धुक्यात हाय बीम लावलात तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते, लो बीमच ठेवा.

25 डिसेंबर ते 1 जानेवारी

नको. जमत असेल तर संक्रांतीनंतरचा आठवडा घ्या, थंडीही जास्त आणि गर्दीही कमी, फक्त 26 जानेवारीला जोडून सुट्टी येते का ते कॅलेंडरवर बघा. शाळेच्या सुट्टीमुळे नाताळातच जावं लागणार असेल तर मुक्काम मुख्य गावात न करता बाजूला करा. महाबळेश्वरऐवजी वाई, किंवा भिलार, पुस्तकांचं गाव, 2017 पासूनचं, घराघरात पुस्तकं मांडलेली, मुलं रमतात. माथेरानला त्या आठवड्यात दस्तुरीचं पार्किंग भरून जातं, तेव्हा गाडी घरी ठेवून लोकलने नेरळ गाठा. टॉय ट्रेनला सीट कमी, फेऱ्या कमी, तिच्यावर विसंबून राहू नका. आणि चाकांची बॅग नेऊ नका हो, दस्तुरीपासून बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर अंतर आहे, पाठीवरची सॅकच बरी.

रूमचे फोटो बघून बुकिंग

स्विमिंग पूल हिवाळ्यात कोण वापरणार, सांगा. त्यापेक्षा गरम पाणी किती ते किती विचारा. सोलर असेल तर पहाटेच्या सहलीला निघताना गार पाण्याचीच तयारी ठेवा. जादा ब्लँकेट मिळतं का तेही विचारा.

पवना किंवा भंडारदऱ्याला पाण्याकाठी टेंट घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पाण्याजवळ दव जास्त पडतं, आणि टेंट पूर्ण बंद केला की आपल्याच श्वासाची वाफ आतून कापडाला धरते आणि पहाटे अंगावर ठिबकते. वरची चेन चार बोटं उघडी ठेवा, अंगाखाली जाड मॅट घ्या, कारण गारठा वरून कमी आणि जमिनीतून जास्त येतो.

आणि कितीही कुडकुडलात तरी कोळशाची शेगडी टेंटमध्ये किंवा बंद खोलीत घेऊ नका, विझत आलेली तर अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही. बाथरूममधला गॅस गीझरही तसाच, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये तो असेल तर रूम बदलून मागा. कोणाला डोकं दुखतंय, मळमळतंय असं झालं की "ॲसिडिटी असेल" म्हणत बसू नका, आधी सगळ्यांना उघड्यावर काढा आणि मग दवाखाना गाठा.

गेलात आणि फसलात तर

महाबळेश्वरच्या रस्त्यात गाड्या ठप्प झाल्या की पॉइंटचा नाद सोडा, खाली वाईला उतरा, मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा बघा, दुपार छान जाते. थंडीच पडली नाही तर सखल भागात, पाण्याजवळ पहाटे साडेसहाला जाऊन बघा, रूमच्या गॅलरीपेक्षा तिथे बहुतेक गार असेल. मांडव्याहून रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, परतायचं असेल तर गाडीचा स्लॉट जातानाच बुक करा, रविवारी संध्याकाळी मिळत नाही. एक्सप्रेसवेने येणाऱ्यांनी रविवारी नाश्ता करून निघायचं, नाहीतर सरळ रात्री जेवून दहानंतर. चार ते नऊच्या मधे खंडाळ्याच्या घाटात उतरू नका.