इंग्लिशची स्पीकिंग टेस्ट घेता नं? मग या चुका टाळा

दर उन्हाळ्यात मी शिक्षकांना स्पीकिंग टेस्ट कशी घ्यायची, मार्क कसे द्यायचे याचं ट्रेनिंग देतो, आणि दरवर्षी त्याच त्या चुका. लोकांना वाटते आपण वीस वर्षं इंग्लिश शिकवून राहिलो, तोंडी काय, उभ्या उभ्या घेऊन टाकू. घोळ तिथंच आहे भाऊ.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे मधात बोलणं. मागच्या मे महिन्यात प्रॅक्टिस टेस्ट चालू होती, नववीतला पोरगा सांगत होता, "माय फादर इज ऑटो ड्रायव्हर, ही ड्राइव्ह फ्रॉम इतवारी टू..." की मॅडम लगेच, "ड्राइव्ह्ज! ही ड्राइव्ह्ज!" पोराची गाडी तिथंच बंद पडली. त्यानंतर नुसतं येस मॅम, नो मॅम. वरून मॅडमनी फ्लुएन्सीला, म्हणजे न अडखळता बोलण्याला, 5 पैकी 2 दिले! मी रेकॉर्डिंग लावलं, स्टॉपवॉच घेऊन सगळ्यांसमोर मोजलं, 5 मिनिटांत पोरगा सव्वा मिनिट बोलला, बाकी मॅडमच. आता ते 2 मार्क कोणाचे, तुम्हीच सांगा. मी काय करतो, प्रश्न विचारला की मनात पाचपर्यंत आकडे मोजतो, तरी नाही बोलला तर तोच प्रश्न जसाच्या तसा परत. केंब्रिजच्या ज्या तोंडी परीक्षा दोन-दोन पोरांना जोडीनं बसवून घेतात, त्यांत दोन परीक्षक बसतात, एक बोलतो आणि दुसरा बाजूला गप्प बसून बारकाईनं मार्क देतो. आपल्याकडे एकच जण दोन्ही कामं करते, म्हणून तोंडाला लगाम जास्त पाहिजे.

दुसरी चूक, चारही खान्यांत एकच आकडा. आयेल्ट्सला, म्हणजे परदेशी शिकायला जाणारे देतात त्या इंग्लिशच्या परीक्षेला, फ्लुएन्सी, शब्द, ग्रामर आणि उच्चार असे चार निकष आहेत, चारही सारख्या वजनाचे, आणि ते वेगवेगळे ठेवलेत त्याला कारण आहे नं. पोरगी दिवाळीवर धडाधड बोलली की हे लोक 5, 5, 5, 5 मांडून मोकळे. अशाच एका पोरीला मी विचारलं, मागच्या दिवाळीत तू कुठं होती? गपगार. सगळं पाठांतर होतं. मी आकड्याच्या आधी पोराचे शब्द लिहितो, पेन्सिलीनं, जसे बोलला तसे, आणि ग्रामरचा खाना शेवटी भरतो, कारण शिक्षकाच्या डोळ्याला तेच आधी टोचते.

उच्चाराचे मार्क ॲक्सेंटवर कापू नका. 'व्हेरी' आणि 'वेल'चा 'व' एकसारखा आला तरी एका दमात समजलं नं, मग झालं.

"व्हेरी गुड" म्हणू नका, पोरगं तिथंच निकाल वाचते. आधीच्या पोराशी तुलना नको. पाच पोरं झाल्यावर आठवून मार्क देणं तर अजिबातच नको. आणि वाद नको म्हणून सगळ्यांना 3 देणाऱ्यांनी पेपर तपासायलाच जावं.

"सर, निकषांचा कागद व्हॉट्सॲपवर टाका, येता येता बघून घेतो" म्हणणारे दरवेळी दोघं-तिघं असतेच. त्यांना मी पहिल्या दिवशी मार्क देऊच देत नाही, नुसते नमुन्याचे रेकॉर्डिंग ऐकवतो, कंटाळले तर कंटाळू द्या.

आणि रेकॉर्डिंग करताना कूलर बंद करा. मे महिन्यात नागपुरात हे सांगणं म्हणजे शिव्या खाणं आहे, पण एकदा अख्ख्या दिवसाच्या फायली उघडल्या तर आत नुसती कूलरची घरघर होती, परत बोलवावं लागलं सगळ्यांना.