इतिहासाच्या तासाला सिनेमा: अख्खा नको, एक प्रसंग पुरे

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा 'गांधी' (१९८२) ३ तास ११ मिनिटांचा आहे आणि शाळेतला तास जेमतेम ३५-४० मिनिटांचा. अख्खा सिनेमा लावला तर आठवडा जातो, आणि तिसऱ्या दिवशी मागच्या बाकांवर डोकी टेकलेली असतात. म्हणून आधी प्रसंग निवडा. आठवीला सविनय कायदेभंग शिकवताना मी गुजरातमधल्या धारासणाच्या मिठागरावरच्या सत्याग्रहाचा प्रसंग घेईन. घरी पाहून तो कितव्या मिनिटाला सुरू होतो नि संपतो ते कागदावर लिहून ठेवा. वर्गात पुढे-मागे सरकवत बसलात की मुलं हातची गेली.

आदल्या तासाला पार्श्वभूमी सांगा. ६ एप्रिल १९३० ला दांडीला मीठ उचललं, ५ मे रोजी गांधीजींना अटक होऊन ते येरवड्याला गेले. २१ मे रोजी सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही धारासणाच्या मिठागरावर चालून गेले, तेव्हा गांधीजी तुरुंगातच होते. तिथे हजर असलेल्या वेब मिलर या अमेरिकन पत्रकाराने पोलिसांच्या लाठीमारानंतर इस्पितळात ३२० जखमी आणि दोन मृत मोजले. हा मजकूर फळ्यावर लिहा किंवा एखाद्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. कागद, म्हणजे लिखित पुरावा, आधी; पडदा नंतर. हा क्रम उलटला तर चित्र मनात घट्ट बसतं आणि मग कागदाला कुणी विचारत नाही.

प्रोजेक्टर, स्पीकर, खिडक्यांचे पडदे मधल्या सुट्टीत तपासा. इंटरनेटच्या भरवशावर राहू नका.

प्रसंग दोनदा दाखवा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. आवाज गेला की कॅमेरा कुठे उभा आहे, कुणाचा चेहरा जवळून दिसतो, हे मुलांच्या लक्षात यायला लागतं. मग वहीत दोन रकाने: 'कागदात' आणि 'पडद्यावर'. पडद्यावरचा पत्रकार वॉकर नावाचा आहे; मिलर कुठे गेला? वॉकर फोनवरून बातमी देतो, खऱ्या मिलरची तार मात्र सेन्सॉरने आधी अडवली होती. आघाडीवर कोण दिसतं? सरोजिनीबाई कुठे आहेत? उत्तरं आली की लगेच 'दिग्दर्शकाची चूक' असा शिक्का मारू देऊ नका. असं का केलं असेल, हे विचारा. खरा तास इथे सुरू होतो.

पुढचा प्रश्न अवघड आहे, पण महाराष्ट्रातल्या वर्गात तो टाळता येत नाही: या सिनेमात डॉ. आंबेडकर कुठे आहेत? कुठेच नाहीत. कुणाचंही आयुष्य एका कथनात मावत नाही, अशी कबुली सिनेमा सुरुवातीलाच देतो. ती पाटी मुलांना दाखवा आणि एवढ्याने भागतं का, ते त्यांनाच ठरवू द्या. दुसऱ्या दिवशी जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'मधला (२०००) पुणे कराराचा भाग लावा. इथेही गांधीजी आहेत, पण नजर दुसऱ्याची आहे. सोबत कागद हवाच: करार २४ सप्टेंबर १९३२ चा, ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याने दलितांना दिलेल्या, फक्त त्यांनीच मत द्यायच्या ७१ स्वतंत्र जागांऐवजी १४८ राखीव जागा, पण संयुक्त मतदारसंघात, म्हणजे सगळ्यांनी मिळून मत द्यायच्या.

वर्ग तापेल. तापू द्या, फक्त एक नियम घाला: बोलणाऱ्याने वाक्याच्या सुरुवातीला 'पडद्यावर दिसलं' किंवा 'कागदात आहे' म्हणायचं. तिसरं, 'आमच्या घरी म्हणतात', हेही चालेल, पण तसं सांगून.

(जाता जाता: 'गांधी'च्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं, भारताचं पहिलं. वेशभूषाकार त्या काळचे कपडे कशावरून ठरवत असतील, हा प्रश्न एरवी गप्प बसणाऱ्या मुलांनाही बोलतं करतो.)

गुण द्यायचे तर 'सिनेमा कसा वाटला' हे विचारू नका. कोकणात शिरोड्यालाही मे १९३० मध्येच मिठाचा सत्याग्रह झाला. त्यावर दोन मिनिटांचा प्रसंग लिहून आणायला सांगा, आणि प्रत्येक संवादाशेजारी लिहायला लावा: हे कुठे वाचलं, की मनाने घातलं?