रिव्हॉल्व्हरची काडतुसं स्वतः भरताय? या चुका टाळा

नवशिका फारसा चुकत नाही. मनात धास्ती असते, पुस्तक शेजारी उघडं असतं, एकेक पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) दोनदा निरखली जाते. घोळ होतात ते हात बसल्यावर, गप्पा मारत किंवा टीव्ही चालू ठेवून भरायला लागल्यावर. कायद्याने मुभा आहे आणि लागतो तो परवाना हाती आहे, असं धरूनच पुढचं लिहितो आहे.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा पावडर पडणं. रिव्हॉल्व्हरवाल्यांना हा धोका जरा जास्तच, आणि त्याचं कारण जुनं आहे. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूच्या हिशोबाने लांब केली गेली. आजची झटपट जळणारी धूरविरहित पावडर तिच्या तळाशी चिमूटभरच दिसते. त्यामुळे दुप्पट पावडर पडली तरी ती आरामात मावते, ओसंडून सांडत नाही आणि वर गोळी बसली की काहीच कळत नाही. तयार काडतूस वजन करून ही चूक पकडू, असं काहींना वाटतं. त्यावर विसंबू नका. पुंगळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातला फरकच कधीकधी पावडरच्या मापापेक्षा मोठा असतो. खरा उपाय साधा आहे. पावडर घातलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करा आणि गोळ्या बसवण्याआधी टॉर्च तिरपा धरून प्रत्येकीत डोकावा. एखादीत पातळी वेगळी दिसली की ती रिकामी करून पुन्हा भरा. निवड करता येत असेल तर जास्त जागा व्यापणारी पावडर घ्या. दुप्पट पडली तर ती लगेच डोळ्यांत भरते.

उलट चूक म्हणजे पावडर अजिबात न पडणं. नुसत्या प्रायमरच्या, म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसवलेल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या, जोरावर गोळी नळीत शिरून अडकते. रिव्हॉल्व्हरमध्ये कधी ती सिलिंडर आणि नळीच्या मधोमध थांबते आणि सिलिंडर फिरेनासं होतं. आवाज फुसका आला, धक्का नेहमीपेक्षा कमी बसला, तर पुढचा बार काढू नका. नळी सुरक्षित दिशेला ठेवूनच हत्यार रिकामं करा आणि नळी मोकळी आहे का ते सळईने तपासा. सिलिंडर उघडतच नसेल तर ठोकाठोकी करू नका, बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे जा. नुसता ‘टक्’ झाला आणि बारच उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान तीस सेकंद थांबा. घाईने पुन्हा चाप ओढलात तर सिलिंडर फिरतं आणि उशिरा पेटणारं काडतूस नळीसमोरून बाजूला जातं. मग ते उडालं तर काय होईल, याची कल्पना करा.

पुस्तकातला पावडरच्या मात्रेचा आकडा एकटा उचलू नका. तो त्याच गोळीचा, त्याच पावडरचा, त्याच प्रायमरचा आणि त्याच एकूण लांबीचा असतो. शिशाच्या गोळीची अगदी हलकी मात्रा तांब्याचं आवरण असलेल्या गोळीला लावली तर ती नळीत अडकू शकते. पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसणारी वॉडकटर गोळी खोल जाते, आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. सारख्या नावाच्या पावडरी वेगळ्या असतात: एच-४८९५ आणि आयएमआर-४८९५ यांचे आकडे एकमेकींना चालत नाहीत. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा. सुरुवात पुस्तकातल्या सुरुवातीच्या मात्रेपासून करा. पण कमी म्हणजे नेहमीच सुरक्षित असं नाही. एच-११० सारखी पावडर पुस्तकातल्या किमान मात्रेच्या खाली नेऊ नये.

.३८ स्पेशलचा कमाल दाब अमेरिकी मानकानुसार १७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), तर .३५७ मॅग्नमचा ३५,०००. त्यामुळे जास्त दाबाने प्रायमर चपटा झाला की थांबू, हा हिशोब इथे चालत नाही. .३८ च्या हत्यारात ती खूण दिसेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

काही तक्रारी मात्र किरकोळ. सिलिंडर घासतंय? प्रायमर वर राहिला असेल. तो तळाशी समपातळीत किंवा किंचित खाली हवा. धक्क्याने पुढच्या काडतुसांच्या गोळ्या बाहेर सरकून सिलिंडर अडत असेल तर क्रिम्प, म्हणजे पुंगळीच्या तोंडाची गोळीभोवतीची आवळण, ढिली आहे. ती गोळीवरच्या खाचेत बसायला हवी, आणि त्यासाठी पुंगळ्या आधी एकाच लांबीच्या कापून घ्याव्या लागतात. क्रिम्प जास्त झाली तर पुंगळी खाली फुगते आणि सिलिंडरच्या खोबणीत जातच नाही. गोळी बसवणं आणि क्रिम्प करणं वेगवेगळ्या टप्प्यांत केलं की हे बहुधा थांबतं. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बरेच दिवस .३८ च उडवलीत आणि आता .३५७ च्या लांब पुंगळ्या निघता निघत नाहीत? आत काजळीचं कडं साचलंय. आधी ब्रशने ते घासून काढा, मग पावडरला दोष द्या. कडं गेल्यावरही पुंगळ्या अडकत असतील तर मात्र ती मात्रा पुन्हा उडवू नका.

पावडर तोलायच्या काट्याकडे दुर्लक्ष सगळेच करतात, मीही केलं आहे. दर बैठकीला तपासणीचं वजन ठेवून पाहा आणि पंखा बंद करा. काम झाल्यावर मापयंत्रातली उरलेली पावडर तिच्याच डब्यात परत गेली पाहिजे. सकाळी ती कोणती होती हे आठवणीवर सोडायचं नाही; शंका असेल तर ती वापरायचीच नाही. आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. शिसं बोटांवरून पोटात जातं.