जुन्या लेथला व्हीएफडी बसवायचाय? आधी मोटरची पाटी वाचा

माझा लेथ साडेचार फुटी, कोन पुलीवाला, भंगारापेक्षा थोडा वर भाव देऊन उचललेला. पट्ट्याच्या तीन पायऱ्या आणि बॅक गिअर (वेग उतरवून जोर वाढवणारे गिअर) धरून एकूण सहा स्पीड, बॅक गिअरमध्ये ३२, ५१, ८२ आणि डायरेक्टला, म्हणजे बॅक गिअरशिवाय, २२५, ३६०, ५७५ आरपीएम. आता ५० मिमीचा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) जॉब आहे, एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल आहे, मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीड धरला तर हिशोब येतो साधारण १६० आरपीएमचा (२५ ला १००० ने गुणा, मग ३.१४ आणि ५० च्या गुणाकाराने भागा). आणि ८२ ते २२५ च्या मध्ये माझ्याकडं काहीच नाही! ८२ वर काम रखडतं, २२५ वर टूलची धार जाते. वर प्रत्येक वेळी मशीन बंद करा, पट्टा ढिला करा, सरकवा, हात काळे करा. हा मधला खड्डा बुजवायला व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र, पुढं नुसतं ड्राइव्ह म्हणतो), आणि तो नीट बसवला तर घरच्या सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालते हा दुसरा फायदा, माझ्यासाठी तर तोच मोठा होता.

थोडक्यात हे यंत्र काय करतं तर लाइनच्या एसीचं आत डीसी करतं आणि त्या डीसीचे बारीक तुकडे पाडून पाहिजे त्या फ्रिक्वेन्सीचे तीन फेज तयार करतं. इंडक्शन मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवर चालतो, व्होल्टेजवर नाही, म्हणून पंख्याचा रेग्युलेटर किंवा डिमर लावून लेथ हळू करायचा उद्योग कुणी करू नका, मोटर फक्त तापते आणि कट घेतला की जाग्यावर बसते.

पाटी वाचा

मोटरवरची पाटी घासून पुसून आधी फोटो काढा. सिंगल फेज कपॅसिटरवाली मोटर असेल तर विषय तिथंच संपला, तिच्यात सुरुवातीचं वाइंडिंग आणि सेंट्रिफ्युगल स्विच असतो, ती साध्या व्हीएफडीवर चालवायची नसते. मोटरच बदलायची, सेकंडहँड थ्री फेज मोटर कुठल्याही रिवाइंडिंगवाल्याकडं मिळून जाते.

थ्री फेज असेल तर कनेक्शन स्टार आहे (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एका ठिकाणी बांधलेलं) का डेल्टा (तिन्ही एकापुढं एक जोडून त्रिकोण केलेला) ते बघा, सगळी मेख इथं आहे. आपल्याकडं ३ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक ४१५ व्होल्टला स्टारमध्ये असतात, आणि ५ एचपीपासून पुढं बहुतेक डेल्टात. स्टारवाली असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण तीच मोटर डेल्टात जोडली की ४१५ भागिले १.७३२ म्हणजे २४० व्होल्टची होते, आणि सिंगल फेज २३० घेऊन थ्री फेज २३० देणारा साधा ड्राइव्ह तिला पुरतो. पाटीवर आधीच ४१५ डेल्टा लिहिलं असेल तर २३० च्या ड्राइव्हवर तिच्यात दम उरत नाही, मग मोटर बदला किंवा थ्री फेज लाइन घ्या. ज्यांच्या शेडमध्ये थ्री फेज आहेच त्यांनी सरळ ४१५ इन, ४१५ आउटचा ड्राइव्ह घ्यावा, मोटरच्या आत काही हलवायचं कारण नाही.

टर्मिनल बॉक्स उघडा. सहा टोकं आणि पितळी पत्त्या दिसल्या तर काम दहा मिनिटांचं, तीन टोकांना एकत्र बांधणारी पत्ती काढायची आणि समोरासमोरच्या जोड्या जोडणाऱ्या तीन पत्त्या बसवायच्या, झाकणाच्या आत बहुतेक आकृती असते. तीनच टोकं बाहेर असतील तर स्टारचा जोड वाइंडिंगच्या पोटात बांधलेला असतो, तो मोटर भरणाऱ्याकडून बाहेर काढून घ्या, स्वतः वार्निश खरवडत बसू नका.

त्याच्याकडं गेलाच आहात तर मोटर मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) तपासून घ्या. ड्राइव्हमधून येणारा व्होल्टेज गुळगुळीत नसतो, झटक्याझटक्यांचा असतो, जुन्या इन्सुलेशनला ते मानवत नाही. ५०० व्होल्टच्या मेगरवर एक मेगओहमच्या खाली वाचन आलं तर आधी मोटर सुकवा नाहीतर भरून (रिवाइंड करून) घ्या. मेगर लावताना ड्राइव्ह जोडलेला नको, नाहीतर ड्राइव्हच जातो. बेअरिंगही बदलूनच घ्या, स्वस्तातलं काम आहे.

ड्राइव्ह किती मोठा

एचपी बघून नाही, अँपिअर बघून घ्यायचा. माझी मोटर २ एचपी, स्टारला ३.४ अँपिअर, म्हणजे डेल्टाला ५.९. १.५ किलोवॅटचा ड्राइव्ह कागदावर पुरतो पण मी २.२ चा घेतला, कारण स्वस्त ड्राइव्हच्या पाटीवर माझा फारसा विश्वास नाही आणि लेथला कट घेताना मध्येच झटका बसतो. पण एक लक्षात ठेवा, सिंगल फेजवरून इनपुटला करंट जास्त ओढला जातो, आउटपुट ५.९ असला तरी इनपुट त्याच्या दुपटीच्या वर जाऊ शकतो. म्हणून भिंतीवरच्या सॉकेटात प्लग खुपसून चालणार नाही, मीटरच्या बोर्डावरून वेगळी लाइन, मी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी टाकला, तुमचा आकडा ड्राइव्हच्या मॅन्युअलमधून घ्या. आणि अर्थिंग खरं पाहिजे. बऱ्याच घरांत हिरवी वायर बोर्डापर्यंत येते आणि पुढं कुठंच जात नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थला गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर ड्राइव्हच्या फिल्टरमुळं तो उगाच उडू शकतो, त्यावर उपाय म्हणजे ड्राइव्हसाठी योग्य प्रकारचा आरसीसीबी विचारून घेणं. अर्थ वायर कापून टाकणं हा उपाय नाही, हे करणारे लोक मी बघितलेत म्हणून लिहितोय.

वायरिंग

हा भाग वायरमनला बरोबर घेऊन करा, पण तुम्हाला स्वतःला कळला पाहिजे, कारण पुष्कळ वायरमननी डीओएल (मोटर सरळ लाइनवर चालू करणारे साधे) स्टार्टर शंभर लावलेले असतात पण ड्राइव्ह एकही नाही.

लाइन येते ती आर आणि एस (किंवा एल आणि एन) वर, मोटर जाते यू, व्ही, डब्ल्यू वर. हे उलटं झालं की चालू केल्या क्षणी ड्राइव्ह संपला, आणि त्याची वॉरंटी कुणी देत नाही.

ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये काहीही नको. स्टार्टर नाही, कॉन्टॅक्टर नाही, लेथवरचा तो जुना फॉरवर्ड-रिव्हर्सचा ड्रम स्विच तर अजिबात नाही. मी पहिल्यांदा तीच चूक केली, म्हटलं स्विच चांगला दणकट आहे, राहू दे. चालू लेथवर सवयीने दांडा रिव्हर्सला टाकला, आतून टक्क आवाज आला आणि स्क्रीन काळी! नवा ड्राइव्ह घ्यावा लागला. तो स्विच फेकायची गरज नाही, फक्त त्यातून मोटरचा करंट जाऊ द्यायचा नाही, त्याचे कॉन्टॅक्ट ड्राइव्हच्या फॉरवर्ड, रिव्हर्स आणि कॉमन या कंट्रोल टर्मिनलना जोडायचे. दांडा तोच, सवय तीच, उलट फिरवायचं काम ड्राइव्ह स्वतः आधी वेग उतरवून करतो. लांबच्या जुन्या वायरी आणि जळकट कॉन्टॅक्ट मात्र साफ करून घ्या, कंट्रोलचा व्होल्टेज कमी असतो, काजळी धरलेल्या कॉन्टॅक्टमधून तो कधी जातो कधी नाही.

वेगासाठी १० किलोओहमचा पोटेंशिओमीटर, म्हणजे वेगाचा नॉब (मॅन्युअल ५ म्हणत असेल तर ५), कडेची दोन टोकं १० व्होल्ट आणि ग्राउंडला, मधलं टोक अॅनालॉग इनपुटला. नॉब जिथं उभं राहून टूल चालवता तिथं बसवा, चकच्या वरून हात न्यावा लागेल अशा जागी नको. लाल मशरूम बटण वेगळं, ते एनसी म्हणजे नेहमी जोडलेल्या कॉन्टॅक्टचं, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबते.

मोटरकडं जाणारी केबल शिल्डेड घ्या, शिल्ड दोन्हीकडं अर्थ करा, आणि पोटेंशिओमीटरच्या बारीक वायरी तिच्यापासून लांब न्या, एकाच पाइपात कोंबल्या की स्पीड आपोआप वरखाली होतो आणि मग लोक ड्राइव्हला नावं ठेवतात.

ड्राइव्ह उघडा लेथच्या मागं टांगू नका. बिडाचा काळा बारीक कीस करंट वाहून नेतो, आत गेला की शॉर्ट. पत्र्याची मोठी पेटी, वर-खाली हवेला जागा, खाली फिल्टर कापड, आणि कूलंट उडणार नाही अशी जागा. मेन बंद केल्यावर लगेच झाकण उघडू नका, २३० च्या ड्राइव्हमध्ये आत सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेला असतो, मॅन्युअल म्हणेल तितका वेळ थांबा, मी दहा मिनिटं थांबतो. चहा होतो तेवढ्यात.

पॅरामीटर

शंभरभर पॅरामीटर बघून घाबरायचं कारण नाही, लेथला आठदहाच लागतात. मोटरचा करंट (माझा ५.९), बेस फ्रिक्वेन्सी ५०, मोटरचा आरपीएम १४४०. कमीत कमी फ्रिक्वेन्सी मी १५ ठेवली, जास्तीत जास्त ७०. वेग चढायचा वेळ ४ सेकंद. कमांड कीपॅडवरून नाही तर टर्मिनलवरून, वेग पोटेंशिओमीटरवरून. ऑटोट्यून (ड्राइव्ह स्वतः मोटर मोजून घेतो ती सोय) असेल तर पट्टा काढून करा.

लाइट जाऊन परत आल्यावर आपोआप चालू होण्याचं पॅरामीटर बंद. आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, स्विच फॉरवर्डलाच राहिला, तुम्ही जॉब मोजायला वाकलात आणि लाइट आली तर काय होईल विचार करा. स्टार्टरला ही काळजी नव्हती, लाइट गेली की तो पडायचा. पॅरामीटर बदलल्यावर मुद्दाम मेन पाडून, परत चालू करून खात्री करा.

थांबायच्या वेळेवर जरा जास्त बोलतो. जुन्या लेथांचा चक बहुतेक स्पिंडलच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. फिरता चक जड, आणि ड्राइव्हने मोटर एका सेकंदात थांबवली की स्पिंडल थांबतो पण चकला थांबायचं नसतं, तो आटे सोडून पुढं येतो. वीस-पंचवीस किलोचं बीड बेडवर उतरलं तर बेड गेला, पायावर उतरलं तर विचारूच नका. म्हणून आट्याच्या चकला थांबायचा वेळ ६ ते ८ सेकंद, ब्रेकिंग रेझिस्टर (मोटर झटकन थांबवताना परत येणारी वीज जिरवणारा) नाही, आणि रिव्हर्समध्ये कट घेणं नाही. कॅमलॉक किंवा फ्लँजवाला स्पिंडल, म्हणजे चक आट्यांवर नसून घट्ट अडकवलेला, असेल तर वेळ कमी करा, रेझिस्टर लावा, मजा करा. फार कमी वेळ टाकून रेझिस्टर नसेल तर ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो, तो बिघाड नाही.

मोटर शिट्टी मारत असेल तर कॅरिअर फ्रिक्वेन्सी (डीसीचे तुकडे पाडायचा वेग) थोडी वाढवा, ड्राइव्ह जरा जास्त तापेल.

आता पट्टा फेकून द्यायचा का?

नाही! सगळ्यात मोठा गैरसमज हाच. ५० हर्ट्झच्या खाली मोटरचा टॉर्क साधारण तेवढाच राहतो पण ताकद वेगाच्या प्रमाणात उतरते, २५ हर्ट्झला २ एचपीची मोटर १ एचपीची झाली असं समजा. बॅक गिअर मात्र वेग सातपट उतरवतो तसा टॉर्कही जवळपास सातपट वाढवतो, ती जादू ड्राइव्हमध्ये नाही. २०० मिमीचा फ्लँज डायरेक्टवर १० हर्ट्झला टर्न करायला गेलात तर पट्टा घसरेल किंवा मोटर बसेल. ५० च्या वर गेलात की उलट, ताकद तीच पण टॉर्क कमी.

माझी पद्धत अशी, पट्टा जवळच्या पायरीवर लावायचा आणि ड्राइव्हने फक्त उरलेलं भरायचं. वरचा १६० आरपीएमचा जॉब मी २२५ च्या पायरीवर ३५ हर्ट्झला करतो. पार्टिंग (जॉब कापून वेगळा) करताना किंवा लांब जॉबवर किणकिण सुरू झाली की नॉब जरासा इकडंतिकडं केला की थांबते, हे सुख पट्ट्यावर कधी मिळालं नाही. फेसिंगला टूल मध्याकडं जाईल तसा नॉब वाढवत न्यायचा, पृष्ठभाग कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा येतो. आटे पाडताना वेग बदलला तरी पिच बदलत नाही, कारण लीड स्क्रू गिअरने स्पिंडललाच बांधलेला आहे, तर शोल्डरजवळ बिनधास्त हळू करा.

फार वेळ २० हर्ट्झच्या खाली चालवणार असाल तर मोटरच्या मागं वेगळा छोटा पंखा बसवा, मोटरचा स्वतःचा पंखा शाफ्टवरच असल्याने तोही मंद होतो. आणि वरच्या टोकाला ५७५ च्या पायरीवर ७० हर्ट्झ म्हणजे ८०० च्या वर, ते मी करत नाही. जुन्या हेडस्टॉकला गनमेटलचे बुश आहेत, चक बिडाचा आहे, मशीन बनवणाऱ्याने जो वरचा स्पीड दिला तिथंच थांबायचं. सगळ्यात वरच्या पायरीवर मी नॉबची ५० ची खूण ओलांडत नाही.

पहिला रन

पट्टा काढून मोटर एकटी फिरवा. दिशा उलटी असेल तर मेन बंद करून, दहा मिनिटं थांबून यू, व्ही, डब्ल्यू पैकी दोन वायरी अदलाबदल करा. मग पट्टा, चक बिनजॉबचा, चावी काढली का दोनदा बघा, १५ पासून हळूहळू ५० पर्यंत न्या आणि अर्धा तास चालू ठेवून मोटरला हात लावून बघा. मग एमएसचा एखादा तुकडा लावून अर्ध्या मिमीचा कट. टॅकोमीटर मिळाला तर प्रत्येक पायरीचे आरपीएम मोजून नॉबभोवती कागदाची पट्टी चिकटवा, आणि बदललेले सगळे पॅरामीटर एका चिठ्ठीवर लिहून पेटीच्या झाकणाला आतून लावा, कारण कधीतरी कुणीतरी रिसेट मारतोच, माझ्याकडं तो मीच होतो.