रोटाव्हेटरचे शिवारातील प्रात्यक्षिक कसे आखावे

शेती अवजारांच्या कंपनीत विपणनाचे काम करणाऱ्याने माहितीपत्रकापेक्षा शिवारातील प्रात्यक्षिकावर अधिक मेहनत घ्यावी. काळ्या जमिनीत रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरला जोडून फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार, दाखवायचा असेल, तर वाफसा (मशागतीला योग्य इतकीच ओल) आल्याची खात्री करूनच दिवस ठरवावा, कारण ओल जास्त असल्यास माती पात्यांना चिकटते आणि जमीन कडक वाळली असल्यास ढेकळे नीट फुटत नाहीत. ट्रॅक्टर शक्यतो गावातल्याच शेतकऱ्याचा घ्यावा. त्याची अश्वशक्ती अवजाराच्या रुंदीला पुरेशी आहे का आणि पीटीओ (अवजाराला शक्ती पुरवणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा) मिनिटाला 540 फेऱ्यांवर चालतो का, हे आधी तपासावे. सुरुवातीला डिझेलची टाकी काठोकाठ भरावी, एक एकर होताच ती सर्वांसमोर पुन्हा तितकीच भरून किती लिटर लागले ते दाखवावे, आणि माती उकरून खोली शेतकऱ्यांनाच पट्टीने मोजू द्यावी.

अनुदानाबद्दल बोलताना विशेष जपावे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या अनुदान पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळण्याआधीच खरेदी केली तर अनुदान हातचे जाते, हे विक्री लांबणीवर पडली तरी स्पष्ट सांगणे आपले कर्तव्य आहे. बदलायची पाती कोणत्या दुकानात मिळतील आणि ऐन हंगामात मेकॅनिक किती वेळात पोहोचेल, हे विक्रेत्याकडून लेखी घेऊन मगच शेतकऱ्याला शब्द द्यावा.