बडबडगीतांचं पुस्तक घेताना दोन मिनिटांची तपासणी

चकचकीत मुखपृष्ठ बघून घेतलेलं पुस्तक आठवड्यात फाटतं, नाहीतर मूल त्याकडे ढुंकूनही बघत नाही. दादरच्या दुकानात उभे असाल, तर तिथेच एवढं करा.

१. मधलंच पान उघडून गाणं टाळीवर, हलक्या आवाजात म्हणा. जीभ अडखळली किंवा यमकासाठी शब्द ओढूनताणून बसवलेला वाटला, तर पुस्तक ठेवून द्या. इंग्रजीवरून बेतलेल्या गाण्यांत हे फार होतं.

२. गाण्यात मांजर दूध पीत असेल, तर चित्रात वाटी हवी, वाटीत दूध हवं आणि पांढऱ्या झालेल्या मिश्याही असल्या तर उत्तमच! ‘दूध कुठंय?’ विचारल्यावर मुलाला बोट ठेवता आलं पाहिजे. नुसतं हसरं मांजर पुरत नाही. अक्षरं चित्रावर छापलेली नकोत.

३. दोन वर्षांखालच्या मुलाला जाड पुठ्ठ्याची पानं, गोल कोपरे.

जपा: पिना मारलेलं पुस्तक लहानग्याच्या हातात देऊ नका. मुंबईच्या दमट हवेत पिना गंजतात, सैल होतात आणि थेट तोंडात जातात. पुठ्ठ्याचं पुस्तक ओल्या फडक्याने पुसलंत, तर पानं उघडून पंख्याखाली उभं ठेवा. मिटून ठेवलं की ती चिकटतात.